सड्यावरची ११ एकर कातळजमीन सोलरला भाड्याने द्यावी का?

सड्याखालचा (डोंबिवली, मूळ गाव राजापूर तालुका):

नमस्कार मंडळी. आमचं गाव आडिवऱ्यापासून समुद्राच्या अंगाला. घर, आगर (नारळ-सुपारीची बाग) आणि भाताचे मळे खाली, वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. सड्यावर आमच्या खात्यात ११ एकर आहे. सातबाऱ्यावर बहुतेक पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), थोडं वरकस (हलकी, भरड धान्यापुरती). आजोबांच्या काळी खोलगट जागेत नाचणी, वरी व्हायची. आता नुसतं गवत. सहहिस्सेदार १४, त्यातले ९ मुंबई-ठाण्यात, एक बडोद्याला.

शिमग्याला गावी गेलो होतो तेव्हा एक एजंट घरी आला. आमची ११ आणि लगतच्या दोन खात्यांची मिळून ३० एकर सलग जागा एका सोलर प्रकल्पाला हवी आहे म्हणाला. एकरी वर्षाला ३५ हजार, २९ वर्षांचा करार. "कुसळ उगवत नाही त्या कातळाचे पैसे येतायत, विचार कसला करता?" चुलत्यांनी विचारलं, सडा तर उंचसखल आहे. त्यावर म्हणाला, जेसीबी आणि ब्रेकर आठवडाभर फिरवला की टेबलासारखा होईल.

मी सोलरच्या विरोधात नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत ११ दिवस वीज नव्हती. आई घरी एकटी, फोन बंद, विहिरीवरचा पंप बंद. तेव्हापासून वाटतं की वीज आपल्या जवळ तयार व्हायला हवी. पण हे सगळं ऐकून काकी एवढंच म्हणाली, "झरा आटला तर भाड्याच्या पैशाने पाणी येणार आहे का?" वाडीतली १९ घरं सड्याखालच्या एका झऱ्यावर आहेत. एप्रिलपर्यंत पाट चालू असतो.

सड्यावर पॅनेल बसवल्याने खालच्या झऱ्याला खरंच धोका आहे का? कोणी जागा दिली असेल तर करारात काय लिहून घेतलं? सह्या मागायला एजंट मे महिन्यात परत येणार आहे.

लालडबा:

माझं मत, द्या. मी खेड तालुक्यातला, नोकरी ठाण्यात. आपल्या पिढीने सड्यावर कधी पाऊल तरी ठेवलं का? ११ एकरांचे वर्षाला ३ लाख ८५ हजार. आंब्याचं काय होतं ते आपण बघतो, थंडी उशिरा आली की मोहोर गेला, मोहोर टिकला तर वानरं आहेत. गावात राहणाऱ्या भावाला या पैशातून आधार मिळेल. त्याने तरी किती दिवस घराची राखण करत बसायचं?

पण भाव कमी सांगितलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जागेचं भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार आहे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी ५० हजारांच्या आसपास. तुमचा प्रकल्प त्या योजनेतला नसेलही, पण बोलणी करताना हा आकडा तोंडावर असू द्या. वाढीचा टक्का नसलेला २९ वर्षांचा करार करू नका, शेवटच्या वर्षी ३५ हजारांना काय किंमत राहील?

विहीरवाला:

मी ३४ वर्षं विहिरी खोदतोय. राजापूर, लांजा, देवगडचा वरचा भाग. तुमच्या काकींनी जो प्रश्न विचारला तो पहिला. भावाचं नंतर बघता येईल.

सडा आतून कसा असतो ते सांगतो. वर कातळ, दोन-चार हात कडक, काळपट. त्याच्या खाली जांभा दगड मऊ होत जातो आणि त्यात पोळ्यासारखी भोकं असतात. काही ठिकाणी कोपरापर्यंत हात जाईल एवढी बिळं. जांभ्याखाली शेडी. पांढरट, कुठे गुलाबी, ओली असताना साबणासारखी बोटाला लागते. विहीर खणताना डोळे मिटले तरी शेडी आलेली कळते. जांभ्यात पहार खणखणते, शेडीत गेली की आवाज बसतो आणि पहार उपसताना ओढ लागते. शेडी पाणी खाली सोडत नाही. म्हणून सड्यावरचा पाऊस भोकांतून उतरतो, शेडीच्या माथ्यावर थांबतो आणि आडवा सरकत सरकत उताराला येतो. जिथे उताराला शेडी उघडी पडते तिथे झरा. आपल्याकडे बहुतेक वाड्या त्या रेषेवर का वसल्या, ते एकदा सड्याच्या कडेने चालत गेलात की दिसेल.

आता हिशेब करा. आपल्याकडे पाऊस ३ हजार मिलिमीटरच्या वर. तुमच्या ११ एकरांवर एका पावसाळ्यात १३ कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंच व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला जातं. पण जे बिळांतून आत जातं ते तुमच्या १९ घरांना एप्रिलपर्यंत पुरतं. कुसळ उगवत नाही म्हणणाऱ्या माणसाला सांगा, इथे पाणी पिकतं.

माझ्या घरचं सांगतो, कारण त्यात माझीही सही आहे. १५ वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर चिरेखाण (जांभ्याचे चिरे कापायची खाण) निघाली. जागा आमच्या भावकीचीच. पैसे बरे मिळत होते, मीही सही केली. खाण पहिल्या वर्षी चार थर खाली गेली, तिसऱ्या वर्षी शेडीला लागली. त्या आषाढात मी वर गेलो तर खाणीच्या उभ्या कडेतून ठिकठिकाणी पाणी उडत होतं, नळ फुटल्यासारखं. बघायला छान वाटत होतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ते आमच्या झऱ्याचं पाणी होतं. जांभ्यात मुरून सहा महिने हळूहळू यायचं ते, आता भर पावसात बाहेर पडून वाहून चाललं होतं. आधी आमच्या सुपारीला मेपर्यंत पाट असायचा. त्या वर्षी माघात आटला. आईने ४० वर्षं त्या पाटावर भांडी घासली होती. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मी दुसऱ्यांच्या विहिरी खोदणारा, माझ्या दारात मार्चमध्ये टँकर येतो.

म्हणून सांगतो, पॅनेलला घाबरू नका. पॅनेलवर पडलेलं पाणी खाली जमिनीवरच येतं. झरा मारतो तो जेसीबी. खोलगट जागा मुरमाने बुजवल्या, त्यावर रोलर फिरवला की बिळांची तोंडं बंद. ब्रेकरने आणि सुरुंगाने कातळ फोडला की पाण्याची वाट बदलते, कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. कुंपणाच्या कडेने चर मारला की सगळं पाणी एका बाजूला पळतं. "टेबलासारखा सडा" म्हणजे हेच सगळं.

खांब उभे करायला सपाट जमीन लागत नाही. कातळात भोक पाडून खांब रोवता येतात, उंचसखल असेल तिथे खांब कमीजास्त उंचीचे घ्यायचे. खर्च वाढतो म्हणून ते टाळतात, बाकी कारण नाही.

आणि सह्या मेमध्ये करू नका. मेमध्ये सडा काही बोलत नाही. एक पाऊस जाऊ द्या. आषाढात चांगला तासभर पाऊस लागला की छत्री घेऊन वर जा आणि पाणी बघा. कुठे साठतं, कुठे पत्र्यावरून वाहावं तसं नुसतं वाहून जातं आणि कुठे गोल फिरत आत शिरतं. आत शिरतं त्या जागेवर रंगाने खूण करा.

सड्याखालचा:

काका, वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्या सड्याच्या दक्षिणेला पण एक जुनी खाण आहे, बंद पडलेली, दोन पुरुष खोल. तिच्यात दिवाळीपर्यंत पाणी असतं. एजंटला फोन केला, पाऊस बघून सांगतो म्हटलं. तो म्हणाला शेजारच्या दोघांनी होकार दिलाय, तुम्ही थांबलात तर तुम्हाला वगळून पुढे जाऊ. खरं की दबाव, कळत नाही.

विहीरवाला:

त्यांना सलग जागा हवी आहे ना? मग मधली ११ एकर वगळून कुठे जातील. शेजाऱ्यांकडे स्वतः जा. फोन नको. त्यांच्याही घरी पाणी त्याच सड्याचं येत असणार.

ती जुनी खाण सोडू नका. पॅनेल धुवायला पाणी लागतं हे एजंट सांगत नाही. ३० एकरांवर साधारण ७ मेगावॅट बसेल, म्हणजे १३ हजारांच्या आसपास पॅनेल. एकाला २ लिटर धरलं तरी एका धुण्याला २६ हजार लिटर. महिन्यातून दोनदा धुतलं तर ५ टँकर. आणि धुणं लागतं कधी, नोव्हेंबर ते मे, पाऊस नसतो तेव्हा. ते पाणी कुठून आणणार हे करारात लिहून घ्या. झऱ्यावर किंवा वाडीच्या विहिरीवर पाइप टाकायचा नाही, सड्यावर बोअर मारायची नाही. पॅनेलखालचं पाणी पन्हळीने त्या जुन्या खाणीत सोडलं तर धुण्याचं पाणी त्यातून निघू शकेल. खाणीला एक-दोन जागी अस्तर करावं लागेल. ते त्यांनी करावं.

सड्यावरची माणूस (देवगड):

मी जामसंड्याजवळ राहते. आमच्या देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत, पर्यटक फोटो काढायला येतात. १९८६ साली देशात पहिल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या किनाऱ्यांत रत्नागिरीही होती, त्यामुळे वाऱ्याची वीज आपल्याला नवी नाही. चक्कीच्या पायापुरती जागा जाते, बाकी सडा मोकळा राहतो, गुरं खालून चरतात. वारा सुटतो तोही पावसाळ्यात, जेव्हा ऊन नसतं. सोलरवाले सगळ्याला कुंपण घालतात. तुमच्या वाडीत अजून गुरं असतील तर ऑक्टोबरचं गवत कोण कापणार, वाट कुठून राहणार, ते आधी विचारा. सातबाऱ्यावर नसली तरी वहिवाटीची पायवाट असते. ती नकाशात दाखवून घ्या.

दुसरं, कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या आकृत्या. तुमचं कशेळी जवळच आहे. तिथे हत्तीची भली मोठी आकृती आहे आणि तिच्या आत इतर प्राणी कोरलेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, आमच्या सिंधुदुर्गातली कुडोपी त्यात आहेत. कितीतरी शिल्पं दोन बोटं मातीखाली आणि गवताखाली होती, गुराख्यांना माहीत होती, बाकी कोणाला नाही. ब्रेकर एकदा फिरला की संपलं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना सडा चाला, तेव्हा कोरलेल्या रेषांत सावली धरते. दुपारच्या उन्हात पायाखाली असलं तरी दिसत नाही. शंका आली तर रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेला कळवा, या शिल्पांच्या शोधाचं मोठं काम त्यांनी केलंय.

आणि जूनमध्ये गेलात तर दीपकाडी बघा. पांढरी, लांब देठाची, पहिल्या पावसानंतर कातळाच्या फटीतल्या मूठभर मातीत उगवते. ही फक्त कोकणातच होते. पाऊस संपता संपता त्याच जागी सीतेची आसवं, निळी जांभळी, सगळा सडा भरून. मी लहानपणी आजीबरोबर गुरं घेऊन जायचे. तिने कधी त्या जागेला पडीक म्हटलं नाही. गावात कोणीच म्हणत नव्हतं, तो शब्द कागदावरचा आहे.

लालडबा:

ताई, मान्य. मी खेडचा, आमच्याकडे डोंगर, सडा असा पसरलेला नाही, त्यामुळे मला हे माहीत नव्हतं. पण भाडं येऊ नये असं अजूनही वाटत नाही. गावात राहणाऱ्यालाही पैसे लागतात.

सड्यावरची माणूस (देवगड):

लागतातच. द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. कुठली जागा द्यायची ते पाणी आणि गवत बघून ठरवा. त्यांचा नकाशा समोर ठेवून ठरवू नका.

वायरमन_रत्नागिरी:

मी घरगुती सोलर बसवतो. सड्याचं तुमचं ठरेल ते ठरेल, पण वादळात आईच्या घरी वीज हवी म्हणालात त्यावर सांगतो. सड्यावरच्या ७ मेगावॅटची वीज तुमच्या वाडीसाठी थांबत नाही, ती सबस्टेशनला जाते. तार तुटली की तुमच्या घरी अंधारच. छतावर साधं ग्रिडला जोडलेलं सोलर असलं तरी लाइन गेली की तेही बंद होतं. दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच केलेला असतो. वादळासाठी हवं असेल तर बॅटरीवालं हायब्रिड घ्या, निदान दिवे, फोन आणि छोट्या पंपापुरतं.

पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. जागा ३०० चौरस फूट लागते. कौलारू घरावर मी बसवत नाही, कौलं फुटतात, वासे भार घेत नाहीत. गोठ्याचा पत्रा चांगला असेल तर तिथे, नाहीतर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. आपण दर वर्षी दिवाळीनंतर खळ्यात मांडव घालतो आणि पावसाआधी काढतो. तो मांडव लोखंडी खांबांचा कायमचा करायचा आणि वर पॅनेल. दक्षिणेला तोंड, उतार १५ ते १७ अंश. खाली सावली मिळते, आमसुलं वाळवायला मात्र कडेची जागा मोकळी ठेवा नाहीतर घरच्या बायका मला शिव्या देतात. माड आणि आंब्याची सावली दुपारी कुठे पडते ते डिसेंबरमध्ये बघा, तेव्हा ती सगळ्यात लांब असते. माडाच्या झावळीच्या टप्प्यात पॅनेल लावू नका.

माझ्या घरी ३ किलोवॅटवर एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट येतात, जुलैमध्ये ४-५. पण नेट मीटरचा (दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा मीटर) हिशेब एप्रिल ते मार्च असतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट पावसाळ्यात वापरले जातात. आपल्याकडे हे बरोबर जुळतं.

समुद्र दोन किलोमीटरच्या आत असेल तर नटबोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस मागा, साधे तिसऱ्या वर्षी गंजून हातात येतात. आणि अर्थिंग. कातळात खड्डा मारून, मीठ-कोळसा घालून निघून जाणारे खूप आहेत. मार्चमध्ये तो खड्डा कोरडा ठणठणीत, अर्थ लागतच नाही, आणि वीज पडते ती नेमकी मे-जूनच्या वळवात. मी तार लांबवून आगरात, विहिरीच्या बाजूच्या ओल्या मातीत नेतो. तारेचा खर्च वाढतो, तरी तेच करा.

सड्याखालचा:

उशिरा लिहितोय, गणपतीहून परवाच आलो.

मेमध्ये सही केली नाही. शेजारच्या दोन्ही घरी जाऊन बसलो. एकाने होकार दिलाच नव्हता, दुसऱ्याने फक्त "बघू" म्हटलं होतं. जुलैमध्ये दोन दिवस रजा काढून गेलो, आणि आता गणपतीत परत. दोन्ही वेळा चुलते, मी आणि पुतण्या, गेरूचा डबा घेऊन वर. जुलैत दुसऱ्या दिवशी दुपारी असा पाऊस लागला की समोरचा माणूस दिसेना. पश्चिमेच्या अंगाला एक उथळ खोलगट आहे, लहानपणी आम्ही तिथे बेडूक पकडायचो. तिथे पाणी साठायला हवं होतं, साठत नव्हतं. जवळ गेलो तर कडेला करवंदीच्या जाळीखाली परातीएवढं तोंड, आणि चारी बाजूंचं पाणी गोल फिरत त्यात जात होतं. पुतण्याने गवताची काडी टाकली, ती दोन वळसे घेऊन दिसेनाशी झाली. ११ एकरांत अशी लहानमोठी ७ बिळं सापडली, सातही पश्चिमेच्या ४ एकरांत. पूर्वेकडे पाणी नुसतं वाहून जुन्या खाणीत पडतं.

काकीला खाली येऊन सांगितलं. गणपतीत ती ६८ वर्षांची बाई काठी टेकत आमच्याबरोबर वर आली, बीळ बघितलं, आणि त्याच्या कडेचा पालापाचोळा हाताने बाजूला करत बसली.

एजंटला कळवलंय: पूर्वेची ७ एकर, सपाटीकरण नाही, सुरुंग नाही, बोअर नाही, धुण्याचं पाणी खाणीतून, पायवाट मोकळी, एकरी ५० हजार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. शेजाऱ्यांनीही हेच लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. भावकीत बडोद्याचे काका नाराज आहेत, त्यांना सगळी ११ द्यायची होती. त्यांच्याशी दिवाळीत बसून बोलायचं आहे. गोठ्यावर ३ किलोवॅटचा अर्ज मात्र टाकला, बॅटरीसकट.

विहीरवाले काका, एक राहिलं. पश्चिमेची ४ एकर सोडतोय, पण बिळापासून किती अंतरापर्यंत काहीच करायचं नाही, असं लिहायचं?

विहीरवाला:

बिळाच्या तोंडापासून मोजू नका. पाणी जिथून बिळाकडे वळायला लागतं तिथे गेरू मारा आणि ती रेघ हद्द धरा. गणपतीत पाऊस कमी असतो, जुलैत मारलेल्या खुणा खऱ्या धरा. पुढच्या आठवड्यात पडेलच्या बाजूला एका विहिरीचं काम आहे. येताना तुमच्याकडे उतरतो. चुलत्यांना सांगून ठेवा, पहार मी आणतो.